लांब पोहायचं तर पाय शांत हवेत



मी फौजेत ३३ वर्षं काढली आणि निवृत्तीनंतर सिकंदराबादला राहिलो. मूळ गाव कराडच्या जवळचं. आज मला पोहण्यावर बोलायला सांगितलंय आणि मी त्यातल्या फक्त पायांवर बोलणार आहे. तेही ट्रायथलॉनसारखं लांब अंतर पोहताना पाय कसे मारायचे, एवढ्यावरच. विषय लहान वाटेल. माझी दोन वर्षं या लहान विषयाने खाल्ली आहेत.

आधीच सांगतो, मी प्रशिक्षक नाही. एकोणसाठाव्या वर्षी ट्रायथलॉनच्या नादाला लागलेला माणूस आहे. तेव्हा हे एका विद्यार्थ्याने दुसऱ्या विद्यार्थ्याला सांगितलेलं समजा.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: ट्रायथलॉन म्हणजे आधी पोहणं, मग सायकल, मग धावणं, मध्ये विश्रांती नाही. ज्याला अर्धा आयर्नमॅन म्हणतात त्यात १.९ किलोमीटर पोहायचं, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर धावायचं. पूर्णाचे आकडे याच्या दुप्पट. पूर्ण आयर्नमॅनची कल्पना १९७८ साली हवाईत प्रत्यक्षात आली, आणि ती सुचलेला माणूस अमेरिकी नौदलातला अधिकारी होता, जॉन कॉलिन्स. नौदलवाल्याने पहिला घास पाण्याचा ठेवला, आणि आम्ही पायदळवाले तेव्हापासून गटांगळ्या खातोय.

माझी पहिली स्पर्धा गोव्याच्या समुद्रात होती. १.९ किलोमीटरला ७० मिनिटांची मर्यादा. तलावात मी तेवढं अंतर अनेकदा काढलं होतं, त्यामुळे छाती फुगवूनच उतरलो. पहिले ३०० मीटर झकास गेले. मग श्वास घ्यायला तोंड वळवलं आणि नेमकी लाट आली. घोटभर खारं पाणी आत गेलं. खोकला आला. खाली बघितलं तर तळ दिसत नाही, समोर बघितलं तर पिवळा बोया आहे तिथेच. आणि मग मी तेच केलं जे आयुष्यभर अडचणीत करत आलो होतो. जोर लावला. पाय दाणदाण मारायला लागलो. जितके पाय मारले तितका श्वास कमी पडला, जितका श्वास कमी पडला तितकी भीती वाढली, आणि भीती वाढली की पाय आणखी जोरात. शेवटी एका कयाकला हात लावून लटकलो. पुढे न सरकता नुसतं धरून राहिलं तर नियमात बसतं, तेवढं माहीत होतं म्हणून बरं.

६६ मिनिटांनी बाहेर आलो. चार मिनिटं हातात होती, पण पाय नव्हते. वाळूत उभा राहिलो तर गुडघ्याखाली लाकडं बांधल्यासारखं. सायकलवर बसलो, ५० किलोमीटरच्या आसपास दोन्ही मांड्यांत असे पेटके आले की रस्त्याच्या कडेला उतरलो तो उतरलोच. स्पर्धा संपली. संध्याकाळी बायकोने विचारलं, "अहो, तुमचे पाय तर एवढे दणकट. इतकी वर्षं डोंगर चढलात. मग पायांनीच कसा दगा दिला?"

आज मी जे बोलणार आहे ते सगळं या प्रश्नाचं उत्तर आहे.

सिकंदराबादला परत आल्यावर मी तलावावरच्या प्रशिक्षिकेला भेटलो. बावीस-तेवीस वर्षांची तेलुगू मुलगी, माझ्या धाकट्या मुलीपेक्षाही लहान. तिने मला एक किक-बोर्ड दिला. हातात धरायची फळी असते ती. म्हणाली, "सर, हाथ नहीं. सिर्फ पैर." मी भिंत सोडली आणि पाय मारायला लागलो. मिनिटभर मारले. धाप लागली. मान वर करून बघतो तर भिंत माझ्या मागे जिथे होती तिथेच. उलट तिच्याकडे हातभर सरकलोच होतो. पलीकडच्या लेनमधली आठ-नऊ वर्षांची पोरं बोर्ड सोडून हसत होती.

मंडळी, हे माझं एकट्याचं नाही. धावणाऱ्या आणि सायकलवाल्या माणसांत ही गोष्ट सर्रास दिसते. कारण घोट्यात आहे. पाण्यात पाऊल बॅले नाचणाऱ्या मुलीसारखं मागे लांब व्हायला हवं, म्हणजे ते माशाच्या शेपटीसारखं पाणी मागे ढकलतं. माझी पावलं ३३ वर्षं फौजी बुटांत होती. घोटा काटकोनात घट्ट. असं पाऊल पाण्यात आकड्यासारखं काम करतं. वर-खाली मारलं की पाणी मागे जात नाही, पुढे ओढलं जातं. म्हणजे मी समुद्रात हातांनी पुढे जात होतो आणि पायांनी स्वतःला मागे खेचत होतो, वर त्याचं भाडं श्वासाने भरत होतो.

आता थोडं शास्त्र, फार नाही. आपल्या छातीत हवा असते म्हणून छाती तरंगते. शरीराचा वजनाचा मध्य मात्र खाली, कमरेच्या जवळ असतो. त्यामुळे तुम्ही पाण्यावर निपचित पडलात तर छाती वर राहते आणि पाय हळूहळू खाली जातात. पुरुषांत हे जास्त, आणि मांड्या पिळदार असल्या तर आणखी जास्त. पाय खाली गेले की शरीर पाण्यात तिरकं होतं, आणि तिरकं शरीर म्हणजे आडवी धरलेली फळी. पाणी हवेच्या सुमारे ८०० पट दाट आहे. त्यात वेग दुप्पट करायचा तर अडथळा साधारण चौपट होतो आणि लागणारी ताकद आठपट. म्हणून पोहण्यात जोर वाढवून फारसं मिळत नाही. अडथळा कमी करून मिळतं.

आणि दुसरी बाजू. मांडीचे आणि पार्श्वभागाचे स्नायू शरीरातले सगळ्यात मोठे. ते जोरात चालले की प्राणवायू अक्षरशः पितात. ५० मीटरच्या शर्यतीत ते परवडतं, कारण अर्ध्या मिनिटात खेळ संपतो. लांब पोहण्यात पुढे नेण्याचं बहुतेक काम हातांचं असतं. पायांची कामं दोनच: शरीर आडवं, सपाट ठेवणं, आणि शरीर डावी-उजवीकडे वळतं त्या वळण्याला वेळेवर धक्का देणं. आणि आपल्याला तर याच पायांनी पुढे ९० किलोमीटर सायकल मारायची आहे, मग धावायचं आहे. मी त्या दिवशी पहिल्याच तासात सगळी शिदोरी खाऊन टाकली होती.

पण हे समजून पाय शांत होत नाहीत. का होत नाहीत, हे मला बऱ्याच उशिरा कळलं.

आमच्याकडे पोहायला विहिरीत शिकायचे. पाठीला पत्र्याचा डबा बांधायचा आणि चुलत्याने वरून ढकलायचं. पडलो की डोकं वर काढायचं आणि जिवाच्या आकांताने हातपाय मारायचे. डोकं पाण्याच्या वर राहिलं म्हणजे पोहता आलं. आपल्या पिढीतल्या कितीतरी जणांचं पोहणं असंच आहे. त्याला मी नावं ठेवत नाही, त्याने जीव वाचतो. पण ते बुडण्याच्या भीतीतून आलेलं पोहणं आहे. डोकं वर गेलं की कंबर खाली जाते, कंबर खाली गेली की पाय बुडतात, आणि बुडणारे पाय वाचवायला आपण आणखी लाथा मारतो. साठीतही माझे पाय त्या विहिरीतच होते. म्हणून सांगतो, तुमचे पाय फार जोरात चालत असतील तर आधी स्वतःला विचारा, हा जोर वेगासाठी आहे की भीतीने आहे?

त्या मुलीने मला पहिले तीन आठवडे पोहूच दिलं नाही. नुसतं तरंगायला लावलं. उथळ पाण्यात, तोंड खाली, हात पुढे, श्वास हळूहळू सोडत. एका कर्नलला तीन आठवडे तरंगायला लावायला हिंमत लागते. तिच्यात होती.

ते जमल्यावर भिंतीला पाय देऊन तीर. दोन्ही हात कानांच्या मागे लांब, एक तळवा दुसऱ्यावर, नजर सरळ तळाकडे, पाय अजिबात हलवायचे नाहीत. किती लांब गेल्यावर पाय बुडायला लागतात ते बघायचं. मी पहिल्यांदा ४ मीटरवर लटकलो. मग तिने सांगितलं, छातीचं हाड थोडं खाली दाबा, जणू छातीखाली चेंडू आहे. दाबलं आणि टाचा आपोआप वर आल्या. हे कळलं त्या दिवशी मला रात्री झोप लागली नाही. पाय वर आणायचा उपाय पायात नव्हताच, छातीत आणि मानेत होता.

घोट्यांसाठी उपाय आपल्या घरातला आहे. वज्रासन. टाचांवर बसायचं, पावलांचा वरचा भाग जमिनीला लागलेला. मी पहिल्या दिवशी दहा सेकंद बसलो आणि ओरडलो. मग घोट्याखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवला, दुसरा टॉवेल पोटऱ्या आणि मांड्यांच्या मध्ये. रोज जेवणानंतर थोडं थोडं. चार महिन्यांनी टॉवेल सुटले. गुडघ्याचं दुखणं असेल तर हे करू नका. खुर्चीवर बसून पाऊल हाताने हळू मागे ताणलं तरी चालतं, वेळ जास्त लागेल एवढंच. साठीत घोटा नर्तकीसारखा होणार नाही. तसा व्हायला नकोच आहे. आकडा सरळ झाला तरी पुरे.

आता प्रत्यक्ष पाय कसा मारायचा. लाथ कमरेतून निघते, खुब्याच्या सांध्यातून. गुडघा ताठ नाही, पण तो मुद्दाम दुमडायचाही नाही. नव्वद टक्के सायकलवाले इथे चुकतात, पाण्यातही पेडल मारतात. हा टक्का माझा अंदाज हं, कुठे छापून आलेला नाही. गुडघा पोटाकडे आला की मांडी पाण्याला भिंतीसारखी आडवी येते. मला ऐकू यायचं, "सर, साइकिल बाद में!" कल्पना अशी करा की तुम्ही एका नळातून पोहताय, खांद्याएवढ्या रुंदीच्या. पाय त्या नळाच्या बाहेर जाता कामा नयेत. दोन पावलांमध्ये वर-खाली अंतर वीतभर, फार तर फूटभर. अंगठे किंचित आत वळलेले, जाता-येता एकमेकांना घासून जाणारे. आणि पाऊल सैल. लांब हवं म्हणून बोटं ताणून धरलीत की पोटरीत गोळा आलाच. ओल्या फडक्याला झटका देतो ना, तसं पाऊल शेवटी आपोआप झटकलं जायला हवं.

याचा सराव किक-बोर्डवर कमी करा. बोर्ड धरला की डोकं वर, म्हणजे परत विहीर. त्यापेक्षा उताणं पडून, हात डोक्यामागे लांब करून पाय मारा. गुडघे पाण्याबाहेर डोकावले तर समजा पेडल चालू आहे. ही परीक्षा फुकट आहे आणि खोटं बोलत नाही. दुसरा सराव कुशीवर पडून: खालचा हात पुढे, वरचा हात मांडीवर, नजर खाली, श्वास लागेल तेव्हा तोंड वर. आखूड फिन्स घालून हे केलं तर घोट्याला योग्य हालचाल कळते. पण फिन्सची सवय लावून घेऊ नका. दहा मिनिटं घाला आणि काढून ठेवा.

स्वतःची तपासणीही करता येते. पुल-बॉय म्हणजे मांड्यांमध्ये धरायचा फोमचा ठोकळा असतो. तो धरून, पाय न मारता १०० मीटर पोहा. मग ठोकळा काढून, नेहमीसारखं पोहा. माझी वेळ ठोकळ्यासकट ११ सेकंदांनी कमी आली. म्हणजे पाय बंद ठेवले की मी जास्त वेगात! याचा अर्थ पाय मदत करत नव्हते, ओझं होत होते. पुढच्या आठ महिन्यांत हा फरक २ सेकंदांवर आला. बाकी कोणत्याही आकड्यापेक्षा मला या आकड्याचा आनंद जास्त झाला.

आता ठेका. दोन हातांच्या एका फेरीत सहा वेळा पाय मारले तर त्याला सिक्स-बीट म्हणतात, दोनदा मारले तर टू-बीट. कमी अंतराचे जलतरणपटू सिक्स-बीट मारतात. लांब अंतरात बरेच जण टू-बीट वापरतात, आणि आपल्यासारख्यांना तोच परवडतो. पण तो वेळेवर पडला पाहिजे. उजवा हात पाण्यात पुढे घुसतो त्या क्षणी डाव्या पायाचा एकच छोटा ठोका. त्या ठोक्याने डावी कंबर वर उचलली जाते, शरीर उजव्या कुशीकडे कलतं, उजवा हात आणखी पुढे पोचतो, आणि त्याच वेळी डावा हात पाणी मागे ओढतो. मग डावा हात पुढे, उजवा पाय. मध्ये पाय नुसते लांब, एकमेकांजवळ, स्वस्थ.

हे ऐकायला सोपं आहे. करायला गेलो आणि हात-पाय सगळे एकमेकांना सलाम करायला लागले. दोन आठवडे जमेना. एक दिवस तलावाच्या काठावर बसलो असताना एकदम लक्षात आलं की अरे, हे तर परेड आहे! उजवा हात पुढे तेव्हा डावा पाय पुढे. चालताना प्रत्येक माणूस हेच करतो. फौजेत दर बॅचमध्ये एखादा रंगरूट असतो, परेडच्या धास्तीने त्याचा उजवा हात आणि उजवा पाय एकदम पुढे जातो. उस्ताद त्याला ओरडत नाही, ओरडलं की आणखी बिघडतं. त्याला बाजूला नेऊन म्हणतो, जा, त्या झाडापर्यंत सहज चालून ये. विचार सुटला की हातपाय आपोआप जुळतात. मी तेच केलं. मनातल्या मनात दाहिना-बायाँ म्हणत, अगदी हळू, एकेक २५ मीटर. तिसऱ्या दिवशी ठेका बसला.

एक चूक मात्र यातूनही सुटली नाही. तिला सीझर म्हणतात, कात्री. श्वास घ्यायला तोंड वळवलं की माझे पाय फाकायचे. मी पाय आवळून धरायचा प्रयत्न केला, उपयोग शून्य. कारण पाय फाकतात ते तोल सावरायला. तोल कुठे जातोय ते शोधायचं. माझं डोकं श्वास घेताना वळत नव्हतं, वर उचललं जात होतं, आणि पुढचा हात शरीराच्या मध्यरेषेपलीकडे जात होता. एक डोळा पाण्यात ठेवून श्वास घ्यायला शिकलो आणि हात खांद्याच्या रेषेत सरळ ठेवला. कात्री आपली आपण मिटली.

समुद्राबद्दल थोडं. थंड देशांत वेटसूट घालतात, त्याच्या रबराने पाय आपोआप वर राहतात. तिकडचे व्हिडिओ बघून "पाय विसरून जा" हा सल्ला आपण उचलतो. आपल्या किनाऱ्यांवर पाणी कोमट, वेटसूटची सोय नाही, तेव्हा सपाट राहण्याची जबाबदारी आपली. खाऱ्या पाण्याची मात्र थोडी मदत असते, तलावापेक्षा त्यात जास्त तरंगता येतं. बोया बघायला डोकं उचलाल तेव्हा मगरीसारखे फक्त डोळे बाहेर काढा आणि त्याच क्षणी एक ठोका जरा जोराचा द्या, म्हणजे कंबर खाली जाणार नाही. पोटरीत गोळा आला तर घाबरून पाय झाडू नका. उताणे व्हा, बोटं नडगीकडे ओढा, गोळा सुटेपर्यंत हात उंच करून मदत मागा. शेवटच्या १००-१५० मीटरमध्ये पाय जरा जास्त हलवा, म्हणजे पायांत रक्त खेळतं आणि वाळूवर उभं राहिल्यावर भोवळ कमी येते. आणि माझ्या वयाच्या लोकांनी हे सगळं करण्याआधी हृदयाची तपासणी करून घ्यावी, आणि खुल्या पाण्यात एकट्याने कधीही उतरू नये. यावर चर्चा नको.

दीड वर्षाने मी परत गोव्याला गेलो. तोच समुद्र, तेच अंतर. या वेळीही ४०० मीटरवर तोंडात पाणी गेलं. भीतीही वाटली, खोटं कशाला सांगू? पाय जोरात सुटायला लागले आणि मी ते ओळखलं. उताणा झालो, चार श्वास घेतले, आकाश बघितलं, परत वळलो आणि मनात म्हणायला लागलो: दाहिना, बायाँ. ५४ मिनिटांनी बाहेर आलो. कुणी म्हणेल हा काही वेग नाही, आणि खरंच नाही. पण वाळूवर चालत गेलो, सायकलवर बसलो आणि त्या मागच्या वेळच्या ५० किलोमीटरच्या खुणेवरून पुढे निघून गेलो. धावण्यातले शेवटचे ६ किलोमीटर चालत काढले, ती निराळी कथा.

परत आल्यावर प्रशिक्षिकेला वेळ सांगितली. तिने मान हलवली आणि म्हणाली, "अच्छा है सर. अब बायाँ हाथ देखते हैं, वो गलत है."

तर सध्या डाव्या हातावर काम चालू आहे. जय हिंद.